आंबेनळीच्या चढावरचा पिवळा दिवा

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे. पांढरी म्हणते खरी, पण डाव्या दारावर पोलादपूरची लाल माती अशी काही बसली आहे की ती धुऊनही जात नाही. माझे वय चौदा वर्षे. माणसांत चौदा वर्षांचे मूल आठवी-नववीत असते. मोटारींत चौदा वर्षे म्हणजे म्हातारपणाची सुरुवात. मला चार चाके आहेत, एक इंजिन आहे आणि एक छोटासा संगणकही आहे. तो माझ्या पोटात बसून सगळ्याची नोंद ठेवतो. एवढे असूनही मला दुखते तेव्हा नेमके कुठे दुखते, ते मला कळत नाही.

तुम्ही म्हणाल, स्वतःचे दुखणे स्वतःला कळू नये? पण आठवून पाहा. तुमच्या पोटात दुखते तेव्हा डॉक्टर पोट दाबून विचारतात, "इथे का? की इथे?" आणि तुम्ही सगळीकडेच "हो" म्हणता. माझेही तसेच झाले. गेल्या दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मी असा गोंधळ घातला की एका चांगल्या माणसाची मान वाडीत खाली गेली. तीच हकिगत मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. खूप उजेड होता आणि वरून लोखंडी हात येऊन मला एकेक भाग जोडत होते. शेवटी एका बाईने माझी किल्ली फिरवली. माझ्यासमोरचे सगळे दिवे एकदम लागले आणि एकेक करून विझले. त्यांत इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा होता. तो सर्वांत शेवटी विझला. तो विझल्यावर ती बाई "ओके" म्हणाली आणि पुढच्या गाडीकडे वळली. हा दिवा विझला की माणसे खूश होतात, एवढे मी त्या दिवशी शिकले.

मला विकत घेतले सुनीलने. तो पोलादपूर तालुक्यातला, पण नोकरीसाठी मुंबईत राहणारा. त्याने मला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबे ठेवली आणि पहिल्याच गणपतीत मला गावी आणले. त्याच्याकडे मी नऊ वर्षे होते. "माझ्या गाडीने कधी दगा दिला नाय," असे तो सगळ्यांना सांगायचा. ते ऐकून मला फार बरे वाटायचे. मग त्याने नवी, उंच मोटार घेतली आणि मला गावी वडिलांकडे आणून सोडले. सोडताना त्याने माझ्या टपावर दोनदा थाप मारली. ती थाप शाबासकीची होती की निरोपाची, ते मला तेव्हा कळले नाही. अजूनही कळलेले नाही.

सुनीलचे वडील म्हणजे रामाकाका. ते एसटीचे निवृत्त चालक. आंबेनळीच्या घाटात त्यांनी तेवीस वर्षे बस चालवली होती. पावसात, धुक्यात, दरड कोसळलेल्या रस्त्यावरून त्यांनी माणसे सुखरूप वर नेली आणि खाली आणली. मला चालवताना ते काच थोडी उघडी ठेवायचे आणि इंजिनाचा आवाज ऐकायचे. "मैना, ऐकतेस ना? घड्याळावानी चालतंय," असे ते म्हणायचे.

मैनाकाकी म्हणजे त्यांची बायको. त्या माझ्या डाव्या बाजूच्या पुढच्या आसनावर बसायच्या. इतकी वर्षे नवरा बस चालवत होता, पण त्याच्या शेजारी बसून प्रवास करणे त्यांना पहिल्यांदा माझ्यामुळे घडले. त्या मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसायच्या. बाहेरच्या झाडांकडे कमी आणि माझ्या दिव्यांकडेच जास्त पाहायच्या.

आमची वाडी आंबेनळीच्या मोठ्या रस्त्याच्या खाली, एका ओढ्याच्या काठी आहे. वाडीतून निघाले की आधी दीड किलोमीटरचा उभा, वळणावळणांचा चढ लागतो. तो चढला की मोठा रस्ता, आणि मग घाट उतरून पोलादपूर. एसटी मोठ्या रस्त्यावर थांबते, वाडीत उतरत नाही. वाडीत दुसरी चारचाकी नव्हती. त्यामुळे कुणाला ताप आला, कुणाला बँकेत जायचे असले, कुणाची मुंबईची सून सामानासह आली, की रामाकाका किल्ली घेऊन उठायचे. मला तो काळ फार आवडायचा. रोज कुणीतरी माझे दार उघडून "आलो गो बाय" म्हणत आत बसायचे.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी त्या चढावर माझ्या आत काहीतरी झाले. एक हिसका बसला आणि क्षणभर माझा श्वास अडकला. लगेच तो सुटला आणि मी पुढे चालू लागले. पण समोरचा पिवळा दिवा लागला होता, आणि या वेळी तो विझत नव्हता.

"अवो, ह्ये कासव कसलं लागलंय?" मैनाकाकींनी विचारले. इंजिनाचे ते चित्र त्यांना कासवासारखे दिसायचे.

रामाकाकांनी काचेबाहेर कान दिला. "आवाज तर बरोबर हाय. काय नाय त्ये."

पण दिवा दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला. तेव्हा काका मला महाडला प्रितमच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले. प्रितम पस्तिशीतला, महाडचाच. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये काही वर्षे काम करून त्याने हायवेच्या कडेला स्वतःचे गॅरेज टाकले होते. तो चांगला कारागीर होता, पण त्याच्या दारात नेहमी सहा-सात गाड्या उभ्या असायच्या आणि खिशात फोन सतत वाजत असायचा.

त्याने माझ्या स्टिअरिंगखाली हात घातला आणि तिथल्या एका खाचेत वायर जोडली. वायरच्या दुसऱ्या टोकाला हातात मावेल एवढे यंत्र होते. त्याला स्कॅनर म्हणतात. थोड्या वेळाने प्रितमने वाचले, "पी शून्य तीन चार शून्य."

मी दचकले. हा आकडा माझ्या पोटातून आला होता, पण तो माझ्या पोटात आहे हे मलाच माहीत नव्हते!

"म्हणजे काय रे?" रामाकाकांनी विचारले.

"इंजिनातला एक दांडा किती फिरला यावर नजर ठेवणारा सेन्सर असतो, काका. त्याच्याकडून मध्येच खबर आली नाही, असं गाडी सांगतेय. एखाद्या वेळी होतं असं. मी क्लिअर करून देतो."

त्याने बटण दाबले आणि दिवा विझला. रामाकाका हसले, मैनाकाकी हसल्या, प्रितम पुढच्या गाडीकडे वळला. माणसे खूश झाली म्हणून मीही खूश झाले.

मित्रांनो, आता एक गोष्ट सांगते. ती मला पुष्कळ उशिरा समजली. दिवा लागतो त्या क्षणी माझा संगणक एक टिपण करून ठेवतो. वेग किती होता, इंजिन किती तापले होते, किती जोर लावावा लागत होता, असे सगळे त्यात असते. बटण दाबून दिवा विझवला की ते टिपणही पुसले जाते. महाडहून परत येताना मी आठवायचा प्रयत्न करत होते, की हिसका बसला तेव्हा नेमके काय झाले होते? काही केल्या आठवेना. मी बरी झाले होते, की नुसती विसरले होते?

आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागला. प्रितमने तोच आकडा वाचला. मग त्याने जुना सेन्सर काढून नवा बसवला, पुन्हा सगळे पुसले आणि महाडच्या सपाट रस्त्यावर मला दोन फेऱ्या मारून आणले. मी सुरेख चालले. दासगावपर्यंत जाऊन आले तरी दिवा लागला नाही. पण पंधरा दिवसांनी वाडीच्या चढावर तो पुन्हा लागलाच.

आता प्रत्येकाला माझे दुखणे माहीत होते. वाडीतला भिकू म्हणाला, "उंदरानं काय तरी खाल्लं असंल." एक जण म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी आहे. एका आजोबांनी सांगितले, "सव गावच्या गरम कुंडांवर न्हेली व्हती ना? वाफ शिरली असंल आत." सुनील फोनवर म्हणाला, "बाबा, टेन्शन नका घेऊ. बॅटरीची वायर काढून परत लावा, अपने आप जाईल." काकांनी तसे केले. दिवा गेला, आणि माझ्यातले घड्याळ बारावर येऊन बसले. त्या दिवसापासून मला वेळेचाही पत्ता लागेनासा झाला. उंदीर, पाणी, वाफ, सेन्सर. जो जे बोलेल ते मला खरे वाटायचे. वाटायचे, हो, तिथेच दुखत असेल.

एकट्या मैनाकाकी काही वेगळे म्हणत होत्या. "अवो, त्ये कासव चढावरच लागतं. आनि गाडी माझ्या अंगावर कलली की लागतं."

"तू गप बस गो. तुला काय कळतंय इंजिनातलं?" रामाकाका म्हणाले.

"इंजिनातलं नाय कळत. पन कवा लागतं त्ये कळतं."

रामाकाकांनी गिअर बदलला. ते वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. पण तेवीस वर्षे त्यांनी कानाने बस चालवली होती, आणि त्यांच्या कानाला माझ्यात काही खोट ऐकू येत नव्हती. एका दिव्याने त्यांना खोटे पाडावे, हे त्यांना सोसवत नव्हते. तिसऱ्यांदा प्रितमकडून दिवा विझवून आणला आणि तो पुन्हा लागला, तेव्हा ते घरात गेले, वायरला लावायची काळी टेप घेऊन आले आणि तिचा एक तुकडा त्यांनी दिव्यावर चिकटवला.

"आमच्या एसटीला कुठं व्हतं कासव?" ते म्हणाले.

टेपखाली माझा दिवा पेटतच होता. कुणी काही बोलत नव्हते. मला वाटले, त्यांनी पाहिले असेल, विचार केला असेल आणि ठरवले असेल की हे असेच असते. मग मीही ते मनावर घेणे सोडले.

मार्च महिना आला. वाडीतली चार मुले दहावीच्या परीक्षेला बसली होती आणि केंद्र पोलादपूरला होते. रामाकाकांनी आधीच सांगून ठेवले होते, "पोरांना परीक्षेला मी सोडनार. एसटीची वाट बघायची नाय." त्या चौघांत श्रुतिका नावाची एक मुलगी होती. तिचे वडील मुंबईत कामाला असत आणि आई मंजुळा घरची शेती पाहायची. श्रुतिकाला गणित मनापासून आवडायचे. माझ्या मागच्या आसनावर बसून ती काचेवर बोटाने समीकरणे सोडवायची. मला ती समजत नसत, पण तिच्या बोटाचा स्पर्श आवडायचा.

मराठी, हिंदी, इंग्रजीचे पेपर ठीक गेले. मग गणिताच्या पहिल्या भागाचा दिवस उजाडला. चारही मुले आत बसली, पुढे मैनाकाकी होत्या. मी भरलेली होते. ओढा ओलांडून चढाला लागलो. रामाकाकांनी पाय दाबला. फणसाच्या झाडाजवळ रस्ता उजवीकडे वळतो. तिथे मला तो हिसका बसला, आणि या वेळी श्वास परत आलाच नाही. मी बंद पडले.

काकांनी किल्ली फिरवली. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण आतून काही पेटेना. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. श्रुतिका मागून हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, साडेदहाला केंद्रावर पोचायचं हाय."

"व्हईल, व्हईल," काका म्हणाले. पण त्यांच्या हाताला घाम सुटला होता, तो मला स्टिअरिंगवर जाणवत होता.

दहा मिनिटे गेली. शेवटी मैनाकाकीच दार उघडून खाली उतरल्या. "पोरांनो, चला. चालत वर जाऊ." आणि साठीच्या मैनाकाकी चार मुलांना घेऊन तो चढ धावत-चालत चढू लागल्या. मोठ्या रस्त्यावर त्यांनी हात करकरून एक भाजीचा टेम्पो थांबवला. मुले केंद्राचे फाटक बंद होता होता पोचली. पण श्रुतिकाचा पहिला अर्धा तास दम सावरण्यातच गेला, आणि शेवटचे दोन प्रश्न तिच्या हातून राहिले. संध्याकाळी ती आईच्या कुशीत तोंड घालून रडली.

इकडे काय झाले, ते तर मला सांगायलाही संकोच वाटतो. रामाकाकांनी मला मागे मागे सोडत सपाटीवर आणले आणि किल्ली फिरवली. मी लगेच सुरू झाले. काहीच घडले नसल्यासारखी, घड्याळासारखी! काका स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले. मग त्यांनी नखाने ती टेप खरवडून काढली. खाली पिवळा दिवा लागलेलाच होता.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यात कुणी बसेना. पुढच्या पेपरांसाठी मुलांच्या आयांनी पलीकडच्या वाडीतली जीप ठरवली. रामाकाकांना कुणी काही बोलले नाही. कुणी बोलले असते तर बरे झाले असते, असे मला वाटायचे. ते अंगणात बसून राहायचे आणि माझ्याकडे पाहायचेही नाहीत. सुनीलचा फोन आला. तो म्हणाला, "बाबा, विकून टाका. भंगारवाला ओळखीचा आहे, सोमवारी येऊन घेऊन जाईल." काका म्हणाले, "न्ह्यायला सांग त्याला."

मी ते ऐकले. भीती वाटली का, असे तुम्ही विचाराल. वाटली. पण भीतीपेक्षा गोंधळ जास्त होता. माझे नेमके काय चुकले हे न कळताच मी जाणार होते.

पुढची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली नाही, नंतर प्रितमच्या तोंडून ऐकली. शनिवारी मैनाकाकी घरात काही न सांगता चढ चढून गेल्या, एसटी पकडून एकट्या महाडला उतरल्या आणि गॅरेजच्या दारात उभ्या राहिल्या. प्रितम एका ट्रकखाली झोपून काम करत होता.

"काकी, गाडी कुठाय?" त्याने खालूनच विचारले.

"गाडी नाय आनली. मी आलेय. तू भायेर ये आनि माझं ऐक."

तो बाहेर आला. काकींनी त्याला सगळे सांगितले. कासव सपाट रस्त्यावर कधी लागत नाही. उतारावर लागत नाही. वाडीच्या चढावर लागते, तेही उजव्या वळणावर, जेव्हा गाडी त्यांच्या बाजूला कलते. आणि माणसे भरलेली असली की हमखास. त्यांनी ते सगळे दिवस लक्षात ठेवले होते.

प्रितम हात पुसत उभा राहिला. मग म्हणाला, "काकी, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. मी आकडा वाचला आणि पुसून टाकला. डॉक्टरने केसपेपर न वाचताच फाडून टाकावा, तसं झालं."

रविवारी सकाळी तो मोटारसायकलवरून वाडीत आला. रामाकाका अंगणातून उठले नाहीत. "उद्या जायाची हाय ती," एवढेच म्हणाले.

"मग आजचा दिवस माझा, काका," प्रितम म्हणाला. "तुम्हीच चालवा. तुमच्याएवढा हा रस्ता कुणाला माहीत आहे?"

काका उठले. प्रितम मैनाकाकींच्या आसनावर बसला, मांडीवर स्कॅनर घेतला, जुने टिपण कागदावर उतरवून दिवा विझवला आणि काकी मागे बसल्या. आम्ही चढ चढलो. फणसाचे वळण आले आणि गेले. काही झाले नाही. पुन्हा खाली येऊन पुन्हा चढलो. मी अगदी ठणठणीत होते. मला स्वतःचाच राग आला. दुखायला हवे तेव्हा दुखत का नाही?

"माणसं नायत ना," मागून मैनाकाकी म्हणाल्या. "त्या दिवशी गाडी भरलेली व्हती."

रामाकाकांनी मला थांबवले. माझ्यात बसायला आता वाडीतले कोण येणार होते? काकांनी हातब्रेक ओढला. मग उतरले आणि चालत मंजुळाच्या दारात गेले. मी ओढ्याच्या अलीकडे उभी होते, तिथून सगळे ऐकू येत होते.

"मंजुळा, एक सांगायचं हाय. त्या दिवशी गाडीनं आधी खूण दिलेली व्हती. दिवा लागलेला. मी त्याच्यावर टेप लावून ठेवली व्हती. पोरीचं नुकसान माझ्यामुळं झालं."

मंजुळा तांदूळ पाखडत होती. तिचे हात थांबले. "ह्ये त्याच दिवशी सांगायचं व्हतं, काका."

"व्हय."

तिने सुपातले उरलेले तांदूळ पाखडून घेतले. मग तिने सूप खाली ठेवले आणि पदर खोचला. "काय करायचं हाय?"

"बसायचं हाय नुसतं. वजन पायजे."

मंजुळा आली. तिने भिकूला आणि त्याच्या भावाला हाक मारली. तिघे मैनाकाकींना मध्ये घेऊन दाटीवाटीने मागे बसले. माझ्या चाकांवर माणसांचा भार आला, तसे मला कितीतरी दिवसांनी भरल्या घरासारखे वाटले.

आम्ही चढाला लागलो. रामाकाकांनी पाय दाबला. फणसाचे झाड दिसू लागले. मैनाकाकी पुढे वाकल्या. "आता बघ हां. आता... आता..."

हिसका बसला. पिवळा दिवा लागला.

"लागला!" प्रितम ओरडला. मैनाकाकींनी टाळी वाजवली. मंजुळाही हसली. मित्रांनो, मी पुरती गोंधळून गेले. हा दिवा विझला की माणसे खूश होतात, असे मी जन्मापासून समजत होते. आज तो लागला म्हणून सगळे आनंदाने नाचत होते!

प्रितमने या वेळी बटण दाबले नाही. त्याने आधी टिपण वाचून घेतले, मग उतरून माझे बॉनेट उघडले. "काका, ब्रेक घट्ट दाबा, पहिला गिअर टाका आणि क्लच थोडा सोडून रेस द्या."

काकांनी तसे केले. माझे इंजिन जागच्या जागी उसळले.

"बस! दिसलं! काका, तुम्हीच या बघायला."

इंजिन ज्या रबरी बैठकीवर बसते तिला गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात. माझ्या डाव्या बाजूचे फाउंडेशन आतून फाटले होते. चढावर जोर लागला आणि उजव्या वळणावर भार डावीकडे आला, की इंजिन त्या बाजूला सरकायचे. सरकताना ते सेन्सरची वायर ओढायचे. वरचे आवरण धड होते, पण आतली तार तुटली होती. ओढ बसली की तिची टोके सुटायची, ओढ गेली की पुन्हा टेकायची. सपाट रस्त्यावर ती टेकलेलीच असे. प्रितमने तो तुकडा सोलून रामाकाकांच्या तळहातावर ठेवला. काका त्या तुटक्या तारेकडे बघत राहिले.

"ह्येचा आवाज येत नाय रे," ते म्हणाले.

"नाही येत, काका. म्हणून तर दिवा दिलाय तिला."

त्याने वायर जोडली, तिला थोडी ढील ठेवली, आणि सोमवारी सकाळी नवे फाउंडेशन आणून बसवले. रामाकाकांनी सुनीलला फोन लावला. "त्या मानसाला सांग, येऊ नको म्हनावं." मग प्रितमने स्कॅनर मैनाकाकींच्या हातात दिला. "काकी, आता पुसायला हरकत नाही. तुम्हीच दाबा." काकींनी हात पदराला पुसून बटण दाबले. दिवा विझला. काय दुखत होते ते कळल्यावर तो विझला, असे पहिल्यांदाच झाले.

दुसऱ्या दिवशी भूगोलाचा शेवटचा पेपर होता. जीप ठरलेली होती. रामाकाकांनी कुणाला विचारले नाही. ते नुसते मला पुसत अंगणात उभे होते. आठच्या सुमारास मंजुळा आली, तिच्या मागे श्रुतिका, आणि मग बाकीचे तिघे. मंजुळा म्हणाली, "काका, मी बी येते संगती." ती पुढे, मैनाकाकींच्या आसनावर बसली. मैनाकाकींनी बाहेरून कौतुकाने दार लावले. फणसाचे वळण आले. मी वळण घेतले, चढ चढले, मोठ्या रस्त्याला लागले. मागच्या काचेवर एक बोट हलके फिरू लागले. त्या दिवशी ते काय लिहीत होते, ते मला समजले नाही. नकाशा असावा.

निकाल लागला. श्रुतिका चांगल्या गुणांनी पास झाली, पण गणितात तिला हवे होते तेवढे मिळाले नाहीत. त्यांतले किती माझ्यामुळे गेले, हे कुणी बोलत नाही आणि मलाही ठरवता येत नाही. ती आता महाडला अकरावीत विज्ञान शिकते. कधीकधी मी तिला सोडायला जाते. ती बसताना माझ्या दाराला हलकेच हात लावते. तिने मला माफ केले आहे की ती नुसती तोल सावरते, कोण जाणे.

मित्रांनो, मी काही फार शहाणी मोटार नाही. पी शून्य तीन चार शून्य म्हणजे काय, हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या घरी माझ्यासारखे जुने काहीतरी असेल. मोटार असेल, पंप असेल, नाहीतर बोलता न येणारे एखादे जनावर असेल. त्याने खूण केली तर ती झाकू नका, आणि घाईने पुसूही नका. कधी होते, कुठे होते, कुणी शेजारी असताना होते, ते आधी विचारा. आणि जो रोज त्याच्या शेजारी बसतो, त्याला इंजिनातले काही कळत नसले तरी त्याला विचारल्याशिवाय राहू नका. माझी एवढीच विनंती आहे.

कालचीच गोष्ट. आम्ही तिघे पोलादपूरहून घरी येत होतो. माझ्या मागच्या चाकापाशी मला काहीतरी बारीक खुपत होते. डावे की उजवे, ते मला सांगता येईना. रामाकाकांची काच उघडी होती, पण त्यांना काही ऐकू आले नाही.

"अवो," मैनाकाकी म्हणाल्या, "मागं कायतरी घासतंय वाटतं."

रामाकाकांनी मला रस्त्याच्या कडेला घेतले, किल्ली काढली आणि विचारले, "कवापासनं गो?"